रसद तुटली की तोडली?

जावळी तालुक्यातील मेढ्याहून रोज एस.टी.ने साताऱ्यास येणाऱ्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या वर्गात आम्हाला एक प्रश्न विचारला होता. ‘भाऊसाहेबांची बखर’ चालू होती. पानिपतावरील शेवटच्या अडीच महिन्यांचे विवेचन करताना आम्ही नेहमीचे वाक्य उच्चारले : “रसद तुटली आणि मराठी फौजेची अन्नान्नदशा झाली.” तिने विचारले, “सर, रसद तुटली म्हणजे नक्की काय झालं? दोर तुटतो तशी ती आपोआप तुटली का? अबदालीनं तोडली ना? आणि पालखेडच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, बाजीरावांनी निजामाची रसद तोडली. आपली तुटते आणि दुसऱ्याची आपण तोडतो, असं का?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढे गेलो. परंतु तो प्रश्न काही गेला नाही. मराठी भाषेत ‘तुटणे’ आणि ‘तोडणे’ ही दोन निराळी क्रियापदे आहेत. पहिल्यात कर्ता लागत नाही, दुसऱ्यात लागतो. आमची इतिहासकथने, आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्या, आमची पाठ्यपुस्तके आणि (हे कबूल केलेच पाहिजे) आमची व्याख्याने या दोन क्रियापदांची वाटणी मोठ्या सोयीने करीत आली आहेत. उपाशी ठेवले गेलेले आपण असलो की भूक ही दैवाची करणी होते. उपाशी ठेवणारे आपण असलो की ती युद्धकला होते. आणि ज्याच्या कणगीतील दाणा दोन्ही वेळा जातो तो कुणबी कोणत्याच वाक्यात येत नाही. आमचे भांडण या व्याकरणाशी आहे.

प्रथम पानिपतच घेऊ. १७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला. तेथे अबदालीच्या फौजेसाठी साठवलेला धान्याचा मोठा साठा होता. तो मराठ्यांच्या हाती आला. या विजयाचे वर्णन आमच्याकडे रंगून केले जाते, आणि त्यात धान्याची ‘लूट’ हा आनंदाचा भाग असतो. पुढे अबदालीने बागपताजवळ यमुना ओलांडली, दिल्लीची वाट अडवली आणि नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर बसल्या. या काळात भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रांमागून पत्रे धाडीत होते, आणि त्या पत्रांचा आशय काय? अंतर्वेदीत व रोहिल्यांच्या मुलखात धामधूम करा, शत्रूला दाणा पोचू देऊ नका, आम्हाला पैसा आणि रसद पाठवा. म्हणजे दोन्ही छावण्या एकच शस्त्र एकमेकींवर चालवीत होत्या. डिसेंबर १७६० मध्ये अताईखानाच्या हल्ल्यात गोविंदपंत मारले गेले आणि आपल्या हातातील ते शस्त्र गळाले. शत्रूच्या हातातील राहिले. ‘रसद तुटली’ या दोन शब्दांत हा सगळा व्यवहार झाकला जातो.

आता त्या छावणीतील माणसांकडे पाहू. पानिपतच्या पराभवाची कारणे सांगताना मराठी लेखणीला एक शब्द फार आवडतो : बाजारबुणगे. भाऊंनी बायका, यात्रेकरू आणि बाजारबुणगे बरोबर नेले, त्या लोढण्याने फौज बुडाली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो. आज तर हा शब्द निव्वळ शिवी म्हणून उरला आहे. पण बुणगे म्हणजे कोण? दाणा विकणारा वाणी, पाठीवर गोणी लादलेले बैल हाकणारा लमाण, घोड्यांसाठी गवत कापून आणणारा, पखालीने पाणी वाहणारा, चूल पेटवणारा आचारी. फौजेच्या तोंडात जो घास जात होता तो याच हातांनी. काशिराज पंडिताच्या वृत्तांतात एका रात्रीची हकीकत आहे. लाकूडफाटा आणि वैरण आणण्यासाठी छावणीबाहेर पडलेला मोठा जमाव अफगाण पथकाच्या तावडीत सापडला आणि कापला गेला. हातात विळे आणि दोऱ्या घेतलेली ही माणसे दुसऱ्यांच्या भुकेपायी मेली. आणि आपण त्यांच्या नावाची शिवी केली.

पानिपतानंतर दक्षिणेत आलेले ते सांकेतिक पत्र सर्वांना ठाऊक आहे. त्यात मोती आणि मोहरा हरपल्याचे सांगितले आहे. रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही, असेही म्हटले आहे. त्या प्रतिमेच्या सौंदर्यावर आम्ही वर्गात बोलतो. तिच्यातील हिशेबावर बोलत नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. खुर्दा म्हणजे बाकी सारे. पत्र लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही; त्याला बातमी लवकर पोचवायची होती. दोष अडीचशे वर्षांनंतरही तोच हिशेब पुढे चालवणाऱ्या आमच्या वाङ्मयाचा आहे. १३ जानेवारी १७६१ रोजी सरदार आणि शिपाई भाऊंच्या डेऱ्यासमोर जाऊन म्हणाले की दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. या प्रसंगाला आमच्या लेखकांनी शौर्याच्या शिखरावर नेऊन ठेवले आहे. तो शौर्याचा प्रसंग आहेच. पण त्याच छावणीत ज्यांच्या हातात तलवार नव्हती, ज्यांना ‘लढून मरू’ असे म्हणण्याची सोयही नव्हती, त्यांच्या दोन दिवसांचे काय?

आता दुसरे क्रियापद. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावाने वैजापूरजवळ पालखेड येथे निजामाला कोंडले. निजाम पुण्याकडे वळला असता बाजीराव त्याच्या मागे धावला नाही. त्याने निजामाचाच मुलूख तुडवला, जालना-सिंदखेडचे परगणे लुटले, बऱ्हाणपूरच्या दिशेने हुलकावणी दिली आणि शेवटी जड तोफखान्यासह आलेल्या निजामाला दाणापाण्यापासून तोडून मुंगी-शेवगावच्या तहाला भाग पाडले. फील्डमार्शल माँटगोमेरीने आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची वाखाणणी केली, याचा उल्लेख केल्यावाचून आमच्याकडे एकही भाषण संपत नाही. पुढे डिसेंबर १७३७ मध्ये भोपाळला हाच प्रयोग झाला. निजामाच्या छावणीत धान्याचा भाव कडाडला. तोफा ओढणारे बैल कापून खाण्याची पाळी आली. आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराई-सराईचा करार झाला. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावी पोचली ती जळालेल्या गावात. वैरण नाही, दाणा नाही. पुढचे चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळण्याची तयारी होती. इंग्रज मागे फिरले आणि वडगावला शरण आले.

या तिन्ही मोहिमा लष्करी दृष्टीने असामान्य होत्या, हे आम्हाला मान्य आहे. बाजीरावाच्या किंवा महादजींच्या कर्तबगारीवर बोट ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच की तळेगाव जळाले तेव्हा तळेगावात माणसे राहत होती. पौष महिन्यात, खरीप घरात आल्यावर आणि रब्बी शेतात उभी असताना, ज्यांचे घर, गंज आणि कणगी स्वकीयांनीच पेटवली त्यांनी तो उन्हाळा कसा काढला? जालना-सिंदखेडचा शेतकरी मराठीच बोलत होता. तो निजामाच्या अमलाखाली होता, एवढाच त्याचा अपराध. ‘मुलूख बेचिराख केला’ हे वाक्य आमची मुले कौतुकाने पाठ करतात. बेचिराख म्हणजे दिवा लावायला घरात कोणी न उरणे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

शेजारच्या एका साहित्याने हे सांगितले आहे, आणि ते आपल्याविषयी आहे. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्रपुराण’ नावाचे बंगाली काव्य त्यावर लिहिले. त्यात जळणारी गावे आहेत आणि पळणारी माणसे आहेत. परंतु त्याहून खोल गेलेली आठवण एका अंगाईत आहे. बंगाली आया आजही ती गातात. मूल झोपले, गाव निजले, देशात बर्गी आले. पाखरांनी धान खाल्ले, आता सारा कशाने भरायचा, असा तिचा भाव. बर्गी म्हणजे आपले बारगीर. त्या अंगाईत एकाही सेनापतीचे नाव नाही. धान आहे, सारा आहे आणि भीती आहे. युद्ध हे घरातील धान्याच्या अंगाने अनुभवले जाते, हे त्या अनाम बाईला कळले होते. आमच्याकडे त्याच स्वाऱ्यांचे पोवाड्याच्या सुरात वर्णन होते. दोन साहित्यांतील हा फरक तौलनिक साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत यावा असा आहे. आम्ही तरी तो अजून कोठे आलेला पाहिला नाही.

आता मेढ्याकडे येऊ, कारण प्रश्न तेथून आला होता. मेढे वेण्णेच्या खोऱ्यात वसले आहे. भाताची खाचरे, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, आणि वेण्णेच्या काठाने साताऱ्यास उतरणारी वाट. ही वाट जेथे संपते तेथे अजिंक्यतारा उभा आहे. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः त्या किल्ल्याखाली येऊन बसला. त्याचे डेरे कारंज्याच्या बाजूस होते, शहाजादा आझमचे पश्चिमेस. साडेचार महिने वेढा चालला. प्रयागजी प्रभूने गडावरून दगड लोटून मोगलांना जेरीस आणले. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांचेच सुरुंग त्यांच्यावर उलटले आणि सुमारे दोन हजार माणसे गाडली गेली. २१ एप्रिलला किल्ला पडला. हे सारे आमच्या मुलांना ठाऊक असते. दगड ठाऊक असतात, सुरुंग ठाऊक असतो. दाणा ठाऊक नसतो.

साताऱ्यास रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात सांगितले आहे की गडावर धान्याचा पुरेसा साठाच नव्हता. गड लवकरच पडला असता. पण परशुराम त्रिंबक परळीच्या किल्ल्यात (आजच्या सज्जनगडावर) शिरले, त्यांनी शहाजादा आझमला पैसे देऊन कानाडोळा विकत घेतला आणि गडावर शिधा पोचवला. म्हणजे अजिंक्यताऱ्याचा तो गाजलेला लढा, निदान काही अंशी, एका खरेदीवर उभा होता. या हकीकतीने प्रयागजीचे शौर्य कमी होते काय? मुळीच नाही. उलट रिकाम्या पोटी दगड लोटता येत नाही, हे सत्य त्याच्या बाजूने उभे राहते. परंतु परशुराम त्रिंबकांचा हा व्यवहार आमच्या कथनांत मावत नाही, कारण त्यात तलवार नाही, पोती आहेत.

आणि ती पोती भरली कोठून? खाली बादशहाची अफाट छावणी, वर गड, भोवती तिची कही मारणारी मराठी पथके : या तिन्हींची पोटे भरायची होती. मेढे त्या छावणीपासून दिवसभराच्या चालीवर. डिसेंबर म्हणजे भात झोडून घरात आलेले असते. १७०० सालच्या शिमग्यापर्यंत वेण्णेच्या खोऱ्यातील किती घरांत ते भात शिल्लक होते, हा प्रश्न ज्या कादंबरीकाराला पडेल त्याची आम्ही वाट पाहत आहोत. पुढे काय झाले त्याचा अंदाज मात्र मनुचीने लिहून ठेवला आहे. १७०२ ते १७०४ या वर्षांत दक्षिणेत अवर्षण, रोगराई आणि युद्ध एकवटून वीस लाखांवर माणसे मेली, असे तो म्हणतो; आईबाप पोटची पोरे काही आण्यांना विकायला तयार होते आणि गिऱ्हाईक नव्हते. आकडा मनुचीचा आहे, जनगणनेचा नव्हे. तो निम्मा धरला तरी त्या काळातील कोणत्याही लढाईपेक्षा मोठा आहे. मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध आम्ही संताजी-धनाजींच्या घोड्यांवरून शिकवतो. त्या युद्धाचा सर्वांत मोठा मृत्यू घोड्यावरून आला नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी ही चूक इतिहासकारांच्या माथी मारून मोकळे होऊ नये. इतिहासकारांनी निदान पत्रे छापली. आमचे स्वतःचे माप पाहा. तुकोबांचा दुष्काळ आम्ही कसा शिकवतो? १६३० ते १६३२ चा तो काळ. द्रव्य आटले, मान गेला, पत्नी अन्नासाठी टाहो फोडीत गेली, असे तुकोबा स्वतः सांगतात. आम्ही लगेच ‘वैराग्याची पार्श्वभूमी’ असा मथळा देतो आणि अभंगांच्या आध्यात्मिक उंचीकडे वळतो. पण त्या वेळी दख्खनेत काय चालले होते? शहाजहान १६३० मध्ये बऱ्हाणपुरास येऊन बसला होता. खानजहान लोदीचा पाठलाग आणि निजामशाहीचा मुलूख तुडवणे चालू होते. आदिलशाही फौजेने पुणे जाळले होते. पाऊस पडला नाही हे खरे. परंतु पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर त्या हिवाळ्यात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. त्याला वाटेवर प्रेतेच प्रेते दिसली आणि बऱ्हाणपूरच्या बादशाही बाजारात मात्र दूरदूरहून आलेल्या खाद्यपदार्थांची रेलचेल दिसली. देशात दाणा नव्हता असे नाही. तो छावणीकडे चालला होता. देहूच्या त्या घरातील मृत्यूला पाऊस जबाबदार होता. त्या पावसाला फौजांची साथ होती. ‘दुष्काळ’ या शब्दातच आपण सारा दोष काळावर टाकून देतो. मग तुकोबांच्या भुकेचे राजकारण विचारण्याची गरज उरत नाही, वैराग्य तेवढे उरते.

येथे एक आक्षेप येणार, तो आधीच घेऊ. आजच्या नीतीने जुन्या युद्धांना जोखणे हा कालविपर्यास नव्हे काय? त्या काळी सारेच असे लढत होते. रयतेचा विचार ही आधुनिक कल्पना आहे.

या आक्षेपाचे उत्तर द्यायला आम्हाला कोणत्याही आधुनिक ग्रंथाकडे जावे लागत नाही. १६७३ च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना एक पत्र लिहिले. ते पत्र प्रत्येक महाराष्ट्रीयाने ऐकलेले असते, आणि आमच्या मते फार थोड्यांनी वाचलेले असते. त्याची तर्कसाखळी अशी : पावसाळ्याच्या बेगमीचा दाणा आणि वैरण तुम्ही आत्ताच उधळलीत, तर पुढे ती मिळणार नाही. मिळाली नाही की घोडी मरतील. मग तुम्ही रयतेस त्रास द्याल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. मग जीव धरून राहिलेले कुणबीही गाव सोडू लागतील, कित्येक उपाशी मरतील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे त्यांना वाटेल.

हे पत्र आम्ही ‘रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावणारा राजा’ या सुभाषितात गुंडाळून ठेवले आहे. राजाचा मोठेपणा सिद्ध झाला की आमचे काम संपते. पण पत्रात मोठेपणा सांगितलेला नाही, यंत्रणा सांगितली आहे. फौजेची भूक कुणब्याच्या घरात कशी उतरते, त्या उतरण्याला कोण जबाबदार असतो, आणि तो रोखण्याचा उपाय किती रुक्ष आहे, तर कोठीचा हिशेब. उपदेशापेक्षा अधिक जागा त्यात गवताच्या गंजीला आणि दिव्याच्या वातीला आहे. मुख्य म्हणजे त्यातील प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे. घोडी ‘मेली’ असे नव्हे, ती तुम्ही मारलीत, असा त्याचा रोख आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे व्याकरण येत होते ते आम्हाला येत नाही. तेव्हा कालविपर्यासाचा आरोप कोणावर करायचा? पुढे १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त गडाच्या साठ्यांची चर्चा केली तीही याच परंपरेत. रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नका, कारण ती तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्याच ग्रंथात आहे. म्हणजे रयतेला काय सोसावे लागते याचे ज्ञान तेव्हा होते. स्वाऱ्या करणाऱ्यांनाही होते. ‘घासदाणा’ नावाची पट्टीच होती. गावाने दाणावैरणीचे पैसे भरावेत, नाही तर घोडी शेतात शिरतील, असा तिचा उघड अर्थ.

हे सारे जुने झाले, असे कोणास वाटत असेल तर एक अलीकडचा वेढा सांगतो. सातारा, सांगली आणि कोकणातील अनेक गावांत पहिल्या महायुद्धात किती माणसे गेली ते सांगणारे छोटे दगडी फलक आहेत. त्यांतील काही माणसे तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावी कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो तुर्कांचा वेढा. आत जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी. शिधा कमी होत गेला, स्कर्व्ही पसरली, घोडी आणि खेचरे कापली जाऊ लागली. हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास दीर्घकाळ नकार दिला. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांच्या संमतीच्या तारा मागवल्या गेल्या. विमानांतून पोती टाकून पाहिली. ती पुरली नाहीत. शेवटी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली, आणि पुढे वाळवंटातील पायपिटीत आणि कैदेत हजारो मेली. त्या गावात सुमारे सहा हजार अरब रहिवासीही अडकले होते. त्यांची भूक कोणत्याच सरकारच्या शिध्याच्या यादीत पहिली नव्हती.

उपासाने क्षीण झालेला, ताटलीतील मांसाकडे पाहणारा, आणि गावी हे कळले तर जातपंचायत काय म्हणेल याचा विचार करणारा मराठा शिपाई. यापेक्षा मोठा कादंबरीविषय कोणाला हवा आहे? आम्ही शिकलो त्या आणि शिकवतो त्या एकाही पुस्तकात तो आम्हाला भेटला नाही. कारण उघड आहे. तो पराक्रमात बसत नाही आणि राष्ट्रवादातही बसत नाही. तो दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी उपाशी राहिला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून १९४२ मध्ये किनारपट्टीवरील तांदूळ आणि नावा सरकारनेच काढून घेतल्या होत्या. तेथे बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ‘अशनि संकेत’ झाली, जैनुल आबेदिनांची चित्रे झाली. भूक हा युद्धाचा विषय आहे हे बंगालने दुसऱ्यांदा सांगितले. आम्ही एकदाही सांगितले नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. साहित्याने माणसाच्या अंतरंगात शिरावे. पोती, बैल आणि गंजी हा लष्करी अर्थशास्त्राचा विषय आहे. यावर आमचे म्हणणे असे की भुकेइतके अंतरंगात शिरणारे दुसरे काही नाही. शौर्य क्षणाचे असते. उपास दिवसेंदिवस चालतो, आणि त्या दिवसांत माणूस काय वाटून घेतो, काय लपवतो, कोणाच्या ताटातील उचलतो, हे सारे कादंबरीचेच क्षेत्र आहे. ‘पानिपत’सारख्या काही कलाकृतींनी छावणीतील भुकेची चित्रे रंगवली आहेत, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ती भूक आपल्या फौजेची आहे, आपल्या शोकांतिकेची शोभा आहे. जिची कणगी आपण रिकामी केली ती भूक अजून मराठीत लिहिली जायची आहे.

हे लिहिण्याची निकड आम्हाला का वाटते? कारण हे शस्त्र गंजलेले नाही. नागरिकांना उपाशी ठेवणे ही युद्धपद्धती म्हणून १९७७ च्या जिनिव्हा जादा मसुद्याने निषिद्ध ठरवली. १९९८ च्या रोम करारनाम्याने तिला युद्धगुन्हा म्हटले. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २४१७ क्रमांकाचा ठराव करून तिचा धिक्कार केला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानमधील झमझम छावणीत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर व परिसरात दुष्काळ असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी अधिकृतपणे जाहीर केले. या बातम्या आमच्या वर्तमानपत्रांत कोणत्या क्रियापदांनी आल्या ते पुन्हा काढून पाहावे. मदत ‘पोचू शकली नाही’. अन्नाचा ‘तुटवडा निर्माण झाला’. उपासमार ‘ओढवली’. जे व्याकरण आम्ही पानिपतावर शिकवले त्याच व्याकरणात आमचे विद्यार्थी आज बातम्या लिहीत आहेत. वर्गात गाळलेला कर्ता वर्गातच राहत नाही.

आमची मागणी मोठी नाही. पालखेड शिकवू नका, असे आम्ही म्हणत नाही. शिकवताना जालन्याच्या शेतकऱ्याला वाक्यात घ्या, एवढेच म्हणतो. १६७३ चे पत्र गद्याचा नमुना म्हणून संपूर्ण वाचून घ्या, आणि त्यातील क्रियापदांचे कर्ते विद्यार्थ्यांकडून अधोरेखित करून घ्या. तुकोबांच्या दुष्काळाशेजारी मंडीचा बऱ्हाणपूरचा बाजार ठेवा. ‘बाजारबुणगे’ हा शब्द शिवी म्हणून वापरण्यापूर्वी एक रात्र उपाशी झोपून पाहा.

मेढ्याच्या त्या विद्यार्थिनीला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. ती आता स्वतः एका शाळेत मराठी शिकवते. तिला उशिरा का होईना सांगतो : बाई, तुमचे बरोबर होते. रसद तुटत नाही. ती तोडली जाते. कोणी तोडली ते प्रत्येक वेळी विचारा, आणि तोडणारे आपले असतील तेव्हा आवाज खाली आणू नका.